चाचणी चोख, शेरा उथळ: जंगलमातीतील सेंद्रिय हॅलोजन मोजून देणारी एक सेवा

जंगलातील मातीचे नमुने पिशव्यांत भरून पाठवायचे आणि त्या मातीतील सेंद्रिय पदार्थांना जोडलेला क्लोरीन, ब्रोमीन व आयोडीन (या कुटुंबातील मूलद्रव्यांना हॅलोजन म्हणतात) एकूण किती आहे याचा एकच आकडा अहवालातून परत घ्यायचा, एवढाच या सेवेचा व्यवहार आहे. प्रयोगशाळांच्या बोलीत या आकड्याला ‘एओएक्स’ म्हणतात. सक्रिय कार्बनवर धरून ठेवले जाणारे सेंद्रिय हॅलोजन, असा त्याचा अर्थ. ज्या प्रयोगशाळेकडून मी हे काम करून घेतले तिचे नाव येथे देत नाही. तिच्या मोजमापाबद्दल माझी तक्रार नाही, आणि ज्या गोष्टीबद्दल तक्रार आहे ती तिच्या एकटीची नाही. त्याच साच्यातले अहवाल इतरांकडे आलेले मी पाहिले आहेत. म्हणून हे परीक्षण त्या विकत मिळणाऱ्या आकड्याचे आणि त्याखाली छापून येणाऱ्या चार ओळींचे समजावे.

मी नऊ नमुने पाठवले होते. जुन्या, दाट जंगलातील तीन जागा आणि प्रत्येक जागी तीन थर: वरचा अर्धवट कुजलेला पालापाचोळा, त्याखालचा काळा ह्युमसचा, म्हणजे पुरत्या कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाचा, थर आणि त्याच्याही खालची खनिज माती. जवळपास कारखाना नव्हता, शेती नव्हती, फवारणीचा इतिहास नव्हता. नमुन्यांसोबत भरायच्या अर्जात ठिकाण, तारीख, नमुना घेणाऱ्याचे नाव आणि ‘संशयित प्रदूषक’ असे रकाने होते. शेवटच्या रकान्यात मी ‘नाही’ असे लिहिले. थर कोणता, झाडे कोणती, मातीची आम्लता किती, हे विचारणारा रकाना अर्जात नव्हता, म्हणून ती माहिती मी मागच्या कोऱ्या बाजूस लिहून दिली. ती कोणी वाचली नाही, हे पुढे अहवाल आल्यावर समजले. नमुने पोहोचल्याची पोच मात्र त्याच दिवशी मिळाली आणि अहवालही सांगितलेल्या मुदतीत आला, ही या सेवेची जमेची बाजू आहे.

आता मोजमापाविषयी, कारण प्रशंसेला पात्र असलेला भाग तोच आहे. वाळवून बारीक दळलेली माती सक्रिय कार्बनसह आम्लयुक्त नायट्रेटच्या द्रावणात बराच वेळ हलवतात. नायट्रेटमुळे मातीला आणि कार्बनला चिकटलेला साधा क्लोराइड, म्हणजे मिठातला क्लोरीन, सुटून द्रावणात जातो आणि गाळताना वाहून जातो. सेंद्रिय रेणूंना जोडलेला क्लोरीन मागे राहतो. मग माती आणि कार्बन एकत्रच ऑक्सिजनच्या प्रवाहात सुमारे १००० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत जाळतात. जळताना हॅलोजन हायड्रोजन हॅलाइडच्या रूपात बाहेर पडतो, वायू वाळवून तो एका छोट्या विद्युतपात्रात नेतात आणि तेथे विजेच्या साहाय्याने तयार होणाऱ्या चांदीच्या आयनांशी त्याची गाठ घालून देतात. जितकी वीज खर्च होते तितका हॅलोजन, असा हा हिशेब आहे. ऐकायला साधा वाटतो, परंतु यात चुकण्याच्या जागा पुष्कळ आहेत: धुणे अपुरे राहिले तर मीठच सेंद्रिय क्लोरीन म्हणून मोजले जाते, आणि कार्बनच स्वच्छ नसेल तर प्रत्येक आकडा थोडा थोडा फुगतो. या प्रयोगशाळेने प्रत्येक नमुना दोनदा मोजला होता, मातीविना केलेल्या कोऱ्या चाचणीचे आकडे अहवालात दिले होते, ४-क्लोरोफिनॉलच्या ठराविक द्रावणाने उपकरणाची पडताळणी केल्याची नोंद होती, आणि दुहेरी मोजमापांतील फरक किरकोळ होता. सर्वसाधारण अहवालात हे सारे आपणहून छापलेले क्वचितच दिसते. मोजणाऱ्या हाताबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

तरीही आकड्याच्या मर्यादा ग्राहकाला सांगायला हव्या होत्या, आणि त्या अहवालात कोठेही नाहीत. माती वाळवताना क्लोरोफॉर्म किंवा मिथिल क्लोराइड यांसारखे उडून जाणारे रेणू निघून जातात, त्यामुळे ते या आकड्यात येत नाहीत. फ्लोरीन तर मुळीच मोजला जात नाही, कारण चांदीचा फ्लोराइड पाण्यात विरघळतो आणि चांदीच्या आयनांना त्याचा पत्ता लागत नाही. ब्रोमीन आणि आयोडीन मोजले जातात, पण क्लोरीन समजून: ब्रोमीनचा अणू क्लोरीनच्या दुपटीहून जड असूनही हिशेबात तो क्लोरीनच्याच वजनाने धरला जातो. ताज्या पाल्याच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी की, न फुटलेल्या वनस्पतिपेशींत अडकलेला क्लोराइड नायट्रेटने सहज धुतला जात नाही आणि तो सेंद्रिय क्लोरीनच्या खात्यात जमा होऊ शकतो. माझ्या तीन पालापाचोळ्याच्या नमुन्यांबाबत ही शंका अजून आहे. ते दळण्यापूर्वी गोठवून वितळवले असते तर पेशी फुटल्या असत्या आणि शंका कमी झाली असती. ही सूचना अर्जावरच छापता येण्यासारखी आहे.

मूळ खटका मात्र आकड्यांखालच्या शेऱ्यात आहे. सर्व जागी ह्युमसच्या थरातील आकडा खनिज मातीच्या कित्येक पटींनी अधिक होता, आणि त्या तीन नमुन्यांपुढे ‘अधिक’ असे लिहून खाली शेरा होता: या मातीत हॅलोजनयुक्त सेंद्रिय प्रदूषके आढळली असून कीटकनाशके, लाकूडरक्षक रसायने किंवा औद्योगिक सांडपाणी यांपैकी स्रोत कोणता याचा शोध घ्यावा. मोजली गेली होती हॅलोजनची बेरीज, आणि निघाली प्रदूषके. मधली पायरी कोणी बांधलीच नव्हती. सुतावरून स्वर्ग गाठणे म्हणतात ते हेच. जंगलाच्या ह्युमसमध्ये सेंद्रिय क्लोरीन सापडणे ही विशेष घटना नाही. न सापडता तर मी उपकरणावर संशय घेतला असता.

ही गोष्ट नवी असती तर प्रयोगशाळेला दोष देता आला नसता, परंतु ती तीन दशकांहून जुनी आहे. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये कागदाच्या लगद्याचे क्लोरीनने विरंजन करणाऱ्या कारखान्यांविरुद्ध मोठा वाद चालू होता आणि नद्या-तलावांत एओएक्स मोजणे हे त्या वादातले मुख्य हत्यार होते. तेव्हा असे आढळले की, ज्या पाण्याचा कारखान्यांशी काही संबंध नाही अशा पाण्यातही एओएक्स लक्षणीय आहे आणि तो ह्युमसयुक्त पदार्थांबरोबर चालतो. लिंशोपिंग विद्यापीठातील गुनिला आस्प्लुंड, अँडर्स ग्रिमवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये माती आणि पाणी यांतील ह्युमसमध्ये नैसर्गिकरीत्या तयार झालेले सेंद्रिय हॅलोजन असल्याचे मांडले, आणि १९९१ मध्ये ही संयुगे पूर्वी मानले जात होते त्यापेक्षा निसर्गात कितीतरी अधिक पसरलेली आहेत असा आढावा घेतला. पुढील मोजमापांतून जे चित्र उभे राहिले ते प्रयोगशाळेच्या ‘अधिक’ या शब्दाला सरळ छेद देणारे आहे: मातीतील सेंद्रिय पदार्थाच्या कोरड्या वजनात क्लोरीनचा वाटा साधारण ०.०१ ते ०.५ टक्के असतो. स्फुरदाचा वाटा ०.०३ ते ०.२ टक्के असतो, म्हणजे दोघे एकाच पंगतीला बसणारे आहेत. एक किलो सेंद्रिय पदार्थामागे १०० मिलिग्रॅमपासून ५००० मिलिग्रॅमपर्यंत, असा तो पल्ला आहे. ह्युमसच्या थरात स्फुरद सापडला म्हणून कोणी खताच्या गोदामाचा पत्ता शोधत नाही.

हा क्लोरीन तेथे जोडतो कोण, याचे उत्तर अहवालाच्या विषयाशी थेट निगडित असल्याने थोडे विस्ताराने लिहितो. पाऊस आणि वारा समुद्रातील मीठ जमिनीवर आणतात. क्लोराइड आयन मातीत सर्वत्र असतो आणि तो स्वतः कोणाशी फारसा संयोग पावत नाही. १९६० च्या आसपास लोवेल हेगर आणि सहकाऱ्यांनी ‘कॅल्डॅरिओमायसिस फ्युमॅगो’ या काळ्या बुरशीपासून क्लोरोपेरॉक्सिडेज नावाचे एन्झाइम वेगळे केले. हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने निरुपद्रवी क्लोराइडचे हायपोक्लोरस आम्लासारख्या अत्यंत क्रियाशील रूपात रूपांतर करते, म्हणजे पिण्याचे पाणी शुद्ध करताना आपण जे रसायन मुद्दाम घालतो जवळजवळ तेच ते जागच्या जागी तयार करते. असे क्रियाशील क्लोरीन एकदा तयार झाले की ते समोर येईल त्या ‘अरोमॅटिक’ वलयावर, म्हणजे कार्बन अणूंच्या स्थिर कड्यावर, चढते, आणि ह्युमसमध्ये, विशेषतः लाकडाला कणखरपणा देणाऱ्या लिग्निनच्या अवशेषांत, अशा वलयांना तोटा नाही. १९९३ मध्ये आस्प्लुंड आणि सहकाऱ्यांनी जंगलातील मातीच्या अर्कातच क्लोरोपेरॉक्सिडेजसारखे काम करणारा उत्प्रेरक दाखवून दिला. या एन्झाइमला आम्लधर्मी वातावरण मानवते. हेगरच्या बुरशीचे एन्झाइम पीएच ३ च्या आसपास सर्वाधिक जोमाने चालते. सूचिपर्णी वृक्षांच्या जंगलातील ह्युमस बऱ्यापैकी आम्ल असतो, हे लक्षात घेतले म्हणजे दक्षिण स्वीडनमध्ये सूचिपर्णी जंगलांच्या मातीत पानझडी जंगलांपेक्षा अधिक सेंद्रिय क्लोरीन का आढळला याची एक दिशा तरी मिळते. अर्जात झाडांची जात आणि आम्लता विचारायला हवी असा माझा आग्रह आहे तो यामुळेच. या दोन गोष्टी माहीत नसताना ‘अधिक’ हा शब्द कशाच्या तुलनेत वापरला गेला, हे त्या शब्दाच्या लेखकालाही सांगता येणार नाही.

एन्झाइमची ही क्रिया काहीशी आंधळी असते. क्लोरीन कोठे बसेल यावर तिचे फारसे नियंत्रण नसते. याउलट लाकूड आणि पाला कुजवणाऱ्या कित्येक छत्रीवर्गीय बुरशी ठरावीक क्लोरीनयुक्त रेणू अगदी नेमकेपणाने बनवतात. १९९० च्या दशकात नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवले की क्लोरीनयुक्त अ‍ॅनिसिल संयुगे बनवणे हा बुरशींचा विरळा छंद नाही, तर सर्वसाधारण व्यवहार आहे, आणि त्यांचे प्रमाण लाकडात किंवा पाल्यात किलोमागे ७५ मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. हे रेणू बुरशीला कशासाठी हवेत? त्यांतील अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण करताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, आणि तेच पेरॉक्साइड लिग्निन फोडणाऱ्या एन्झाइमांना लागते. लिग्निन कुजवण्याच्या यंत्रणेचा तो इंधनपुरवठा आहे. माझ्या एका जागी पाल्यावर ‘हायफोलोमा’ कुळातील पिवळसर छत्र्यांचे झुबके उगवले होते आणि अर्जाच्या मागच्या बाजूस मी तेही लिहिले होते. त्या ओळीकडे कोणी पाहिले असते तर लाकूडरक्षक रसायनांचा शेरा लिहिताना लेखणी क्षणभर थांबली असती, कारण लाकूडरक्षकांतही क्लोरीनयुक्त वलये असतात आणि या बुरशीच्या घरातही. बेरजेच्या आकड्याला हा फरक कळत नाही.

जिवंत हात नसतानाही काही काम होते. २००० मध्ये हायडेलबर्गच्या फ्रँक केप्लर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ह्युमसमधील मेथॉक्सी गट असलेल्या फिनॉलिक रेणूंचे त्रिसंयुजी लोहाने ऑक्सिडीकरण होताना जवळ हॅलाइड असेल तर मिथिल क्लोराइड, मिथिल ब्रोमाइड यांसारखे वायू तयार होतात; त्यासाठी ना सूर्यप्रकाश लागतो ना सूक्ष्मजीव. दोन वर्षांनी प्रिन्स्टनच्या सतीश मैनेनी यांनी क्ष-किरणांच्या शोषणपटावरून, मातीवर पडलेल्या पानांतील क्लोराइड पान कुजत जाताना सेंद्रिय रूपात कसा बदलतो हे मातीतून काही न काढता, आहे त्या अवस्थेतच दाखवले. अर्क काढण्याच्या प्रक्रियेतच क्लोरीन जोडला जात असावा, ही जुनी शंका त्यामुळे बरीचशी मिटली. मला व्यक्तिशः हा प्रयोग सर्वांत पटणारा वाटतो.

क्लोरोफॉर्मची हकीकत या सेवेच्या दृष्टीने आणखी बोधक आहे. नेदरलँड्समधील एडो हुक्स्ट्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये जंगलमातीत क्लोरोफॉर्म आणि ब्रोमीनयुक्त ट्रायहॅलोमिथेन नैसर्गिकरीत्या तयार होतात हे मांडले, आणि डग्लस फरच्या जंगलातील मातीवर क्लोरीनचा जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा अधिक वजनाचा अणू), क्लोरीन-३७, देऊन केलेल्या प्रयोगांत तो नव्याने तयार झालेल्या क्लोरोफिनॉलांत आणि डायऑक्सिन या विषारी कुळातील काही रेणूंतही उतरल्याचे पुढील वर्षी दाखवले. दुसऱ्या शब्दांत, ज्या नावाने अंगावर काटा येतो त्या कुळातील थोडेसे रेणू जंगल स्वतःही घडवते. डेन्मार्कमध्ये जंगलाखालील भूजलात क्लोरोफॉर्म आढळला तेव्हाही पहिले खापर माणसावरच फुटणे स्वाभाविक होते. २०१२ मध्ये कार्बनच्या समस्थानिकांवरून त्याचा निवाडा झाला. कारखान्यात बनलेल्या क्लोरोफॉर्ममध्ये कार्बन-१३ बरेच कमी असते, तर त्या भूजलातील क्लोरोफॉर्मचा कार्बन मातीतील सेंद्रिय पदार्थाशी जुळत होता. स्रोत सांगायचा असेल तर असा पुरावा लागतो. एओएक्सच्या बेरजेत तो नसतोच, आणि प्रयोगशाळेने तो शोधण्याचे नावही न घेता स्रोतांची यादी छापली, ही माझी मुख्य हरकत आहे.

आणखी एक गोष्ट अहवालात सहज सुधारता येण्यासारखी आहे. आकडे कोरड्या मातीच्या एका किलोमागे दिले होते, आणि ह्युमसचा थर जवळजवळ सारा सेंद्रिय पदार्थ असल्याने तो अशा तुलनेत उंच दिसणारच. त्याच नमुन्यांचे जाळून घटलेले वजन, म्हणजे ढोबळमानाने त्यांतील सेंद्रिय पदार्थ, मी वेगळे काढून घेतले आणि क्लोरीन सेंद्रिय पदार्थाच्या प्रमाणात मांडला, तेव्हा थरांमधला तो भयप्रद फरक बराच ओसरला. अनेक अभ्यासांत तर कार्बनच्या तुलनेत सेंद्रिय क्लोरीनचे प्रमाण खोलीबरोबर वाढत जाते असे दिसले आहे, आणि संहती वर जास्त असली तरी खनिज मातीचे वजनच इतके असते की एकूण साठ्याचा मोठा भाग खालीच सापडतो. म्हणजे ‘अधिक’ हा शेरा ज्या थरापुढे लिहिला गेला तो साठ्याच्या हिशेबात कदाचित धाकटा भागीदार ठरेल. या एका भागाकारासाठी नवे उपकरण लागत नाही. साधी भट्टी आणि तराजू पुरे, आणि प्रयोगशाळेत दोन्ही आहेत.

अहवाल वाचून मी प्रयोगशाळेशी बोललो. फोनवर भेटलेले तंत्रज्ञ सौजन्याने बोलले, धुण्याच्या आणि जाळण्याच्या प्रत्येक पायरीबद्दल त्यांना खोलवर माहिती होती, आणि कोऱ्या चाचणीविषयीच्या माझ्या प्रश्नाला त्यांनी मूळ नोंदवही उघडून उत्तर दिले. शेऱ्याचा विषय काढताच मात्र ते म्हणाले की तो मजकूर सांडपाण्याच्या गाळासाठी फार पूर्वी तयार केलेला असून घन नमुना म्हटला की आपोआप जोडला जातो. मला त्यांच्या प्रामाणिकपणाचे कौतुक वाटले, पण त्याच क्षणी त्या शेऱ्याची किंमतही कळली. गाळात आणि जंगलातल्या ह्युमसमध्ये जो फरक आहे तो उपकरणाला कळणे शक्य नाही. तो माणसाने करायचा असतो.

त्यांनी पर्याय म्हणून ‘ईओएक्स’ची चाचणी सुचवली, आणि ही सूचना योग्य होती. यात माती सेंद्रिय द्रावकाने धुऊन केवळ द्रावकात उतरणारे हॅलोजनयुक्त रेणू मोजतात. ह्युमसच्या मोठ्या, पाणीप्रेमी रेणूंना घट्ट जोडलेला क्लोरीन द्रावकात फारसा येत नाही, पण पीसीबी (पॉलीक्लोरिनेटेड बायफिनाइल ही औद्योगिक रसायने) किंवा डीडीटीसारखी तेलाशी सख्य असलेली प्रदूषके येतात. तीन ह्युमस नमुन्यांवर मी ही चाचणी करून घेतली. एओएक्सच्या तुलनेत आकडा अगदीच लहान निघाला, जसा तो मानवी प्रदूषण नसलेल्या जंगलमातीत अपेक्षित असतो. अर्थात, बुरशींनी बनवलेली अ‍ॅनिसिल संयुगेही द्रावकात उतरतात, त्यामुळे ईओएक्स म्हणजे माणसाचा क्लोरीन असे समीकरण मांडणे हीसुद्धा घाईच ठरेल. खरी ओळख पटवायची तर रेणू वेगवेगळे करून नावानिशी मोजावे लागतात.

या सगळ्यावरून उलट टोकाचा निष्कर्ष काढणाऱ्यांनाही माझा पाठिंबा नाही. निसर्गात हॅलोजनयुक्त संयुगे ५००० हून अधिक ज्ञात आहेत, म्हणून कारखान्याच्या नळातून येणारे निरुपद्रवी, हा युक्तिवाद ऐकायला मिळतो, आणि तो तितकाच आळशी आहे. जंगलमातीतला बहुतांश क्लोरीन अवाढव्य ह्युमस-रेणूंवर एकेकटा विखुरलेला असतो. दोन वलयांवर मिळून पाच-सात क्लोरीन लादलेला, चरबीत साचणारा पीसीबी ही निराळी चीज आहे, आणि डीडीटी तर मातीने घडवलेला नाहीच. शिवाय प्रमाण आणि जागा यांनाही अर्थ असतो. एखाद्या जंगलाशेजारी जुने लाकूडप्रक्रिया केंद्र असेल, तर एओएक्सचा ‘नैसर्गिक’ पल्ला दाखवून तपास टाळणे मला मान्य होणार नाही. माझा आक्षेप बेरजेच्या आकड्याला दोन्हींपैकी कोणत्याही बाजूचा साक्षीदार बनवण्यास आहे.

ज्यांना जंगलातील क्लोरीनचे चक्र अभ्यासायचे आहे त्यांच्यासाठी मात्र हाच बेरजेचा आकडा अमूल्य आहे, आणि या कामासाठी ही सेवा मी निःसंकोच सुचवीन. फ्रान्समधील पन्नासच्या आसपास वनक्षेत्रांच्या मातीवरील २०११ च्या कामात मातीतील क्लोरीनचा मोठा भाग क्लोराइड नव्हे तर सेंद्रिय रूपात असल्याचे दिसले, ते अशाच एकत्रित मोजमापांमुळे. क्लोराइड मातीतून पाण्याबरोबर सरळ वाहून जातो या समजुतीला त्यामुळे धक्का बसला, आणि त्याचे व्यावहारिक परिणाम आहेत: सुमारे ३ लाख वर्षांचा अर्धायुकाल असलेला किरणोत्सारी क्लोरीन-३६ अणुकचऱ्याच्या साठवणीतून कधी निसटला, तर तो मातीत किती काळ अडकेल याचा अंदाज या सेंद्रिय साठ्यावर अवलंबून आहे. स्वीडनमध्ये याच समस्थानिकाचा माग काढून केलेल्या प्रयोगांत माती निर्जंतुक केल्यावर किंवा तिचा ऑक्सिजन तोडल्यावर क्लोरीन जोडला जाण्याचा वेग बराच घटला. मुख्य कर्ते सूक्ष्मजीव आहेत याचा तो सबळ पुरावा आहे. अशा अभ्यासात नमुन्यामागून नमुना त्याच शिस्तीने मोजणारी प्रयोगशाळा हवी असते, आणि ती शिस्त या ठिकाणी आहे.

मोजमापाला पाचपैकी साडेचार तारे, ग्राहकाशी वागणुकीला चार, आणि शेऱ्याला एक. तो एकही तंत्रज्ञांच्या स्पष्टवक्तेपणापोटी. नमुने पाठवणाऱ्यांनी तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात असे मी सुचवीन: प्रत्येक नमुन्याचे जाळून घटलेले वजन, कोऱ्या चाचणीचे आकडे, आणि ठरावीक शेरा जोडू नये अशी सूचना. दुसऱ्या खेपेस मी तसेच केले. त्या वेळी आलेल्या अहवालात आकडे पूर्वीच्याच काटेकोरपणे दिले होते, खाली शेऱ्याची जागा रिकामी होती, आणि सोबत आलेल्या नव्या अर्जावर ‘संशयित प्रदूषक’ या रकान्याच्या शेजारी हाताने एक रेघ मारून पेनने लिहिले होते: थर — पाला, ह्युमस, खनिज.